वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी गाडी: सेल्फ मारण्याआधी काय तपासायचं

दहा-पंधरा वर्षं झाकून ठेवलेली गाडी हाती आली की नवी बॅटरी जोडून एकदा सेल्फ मारून बघावा असं वाटतंच. तेवढं टाळा. अशा इंजिनांचं मोठं नुकसान उभं राहिल्यामुळे होतं त्याहून जास्त त्या पहिल्या सेल्फमुळे होतं. चिकटलेली पिस्टनची रिंग तुटते, अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला जोर देणारा दांडा) वाकतो, कोरड्या बेअरिंगवर ओरखडे पडतात. म्हणून इंजिन आधी हाताने फिरलं पाहिजे. सेल्फचा नंबर त्यानंतर.

इंजिन हाताने फिरवणं

प्लग काढण्याआधी प्लगभोवतीची माती हवेने उडवून टाका, नाहीतर ती थेट पिस्टनवर पडते. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमानेच मांडून ठेवा, कारण ते बरंच काही सांगतात. इंजिन थांबलं तेव्हा ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यात सायलेन्सरमधून किंवा कार्बोरेटरमधून दमट हवा शिरत राहते. म्हणून तीन प्लग काळे-कोरडे आणि एक तांबूस गंजलेला निघाला, तर इंजिन बहुधा त्याच सिलिंडरमध्ये धरलं आहे, म्हणजे जाम झालं आहे.

प्रत्येक सिलिंडरमध्ये २० ते २५ मिलिलिटर पातळ तेल सोडा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं हे मिश्रण रिंगांच्या फटीत चांगलं उतरतं. ते नसेल तर डिझेल आणि इंजिन ऑइल चालेल. किमान दोन दिवस मुरू द्या. गंजलेल्या सिलिंडरमध्ये रोज थोडं घालत आठवडा गेला तरी हरकत नाही. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावा आणि इंजिन ज्या दिशेला चालतं त्याच दिशेला हळू जोर द्या. हललं नाही तर पान्याला लांब पाइप अडकवू नका. पुन्हा तेल घाला आणि थांबा.

इंजिन थोडं फिरून एकाच जागी टणकन अडत असेल तर जोर लावणं तिथेच बंद करा. गंजलेली रिंग सगळीकडे जड लागते. ठरावीक जागी कडक थांबा लागला, तर पिस्टन अडकलेल्या व्हॉल्व्हवर आदळत असण्याची शक्यता मोठी. रॉकर कव्हर (इंजिनवरचं झाकण) उघडा, इंजिन सावकाश फिरवा आणि एकेक व्हॉल्व्ह बघा. प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन स्प्रिंगच्या जोरावर पूर्ण वर आला पाहिजे. एखादा खालीच राहिला तर त्याला दाबणारा रॉकर सैल पडतो, आणि त्याखालचा पुशरॉड बोटांनी सहज फिरतो किंवा जागेवरून निसटतो. ही खूण चुकत नाही.

व्हॉल्व्ह सोडवताना त्या सिलिंडरचा पिस्टन खाली आणा. प्लगच्या भोकातून पातळ लाकडी काडी घालून ते पक्कं करा. व्हॉल्व्हच्या दांड्यावर गंज सैल करणारं तेल सोडा, तासभर थांबा आणि प्लॅस्टिकच्या हातोडीने वरून हलक्या टिचक्या मारा. व्हॉल्व्ह किंचित खाली जातो आणि स्प्रिंग त्याला वर ओढते. तेल आणि टिचकी असं आलटून पालटून करत राहिलं की दर वेळी तो थोडा जास्त वर येतो. घाईने जोरात मारलं तर दांडा वाकतो आणि हेड उतरवावंच लागतं.

तेल

जुनं तेल काढा, फिल्टर बदला. चेंबर (इंजिनखालचं तेलाचं पात्र) सहज उतरत असेल तर उतरवाच, कारण तळाशी चिखलासारखा काळा थर असतो आणि पंपाची जाळी त्याच थरात बसलेली असते. इंजिन साफ करणारं फ्लशिंगचं औषध इथे घालू नका. सुटलेला थर नेमका त्या जाळीवर जाऊन बसतो. बऱ्याच जुन्या पेट्रोल इंजिनांना २०डब्ल्यू-५० तेल योग्य.

आता प्लग बाहेरच ठेवून, इग्निशनची तार काढून, दहा-दहा सेकंद सेल्फ मारा. मध्ये सेल्फला थंड होऊ द्या. ऑइल प्रेशरचा काटा हलला किंवा दिवा विझला की पुढे जा. तीन-चार वेळा मारूनही दाब आला नाही तर पंप कोरडा पडला आहे. प्रेशरचा सेंडर (काट्याला दाब कळवणारा भाग) काढून त्या भोकातून तेलाच्या पिचकारीने तेल भरा.

स्पार्क

बॅटरी जोडताना एक गोष्ट बघा. जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी पुष्कळशांना पॉझिटिव्ह अर्थ असते, म्हणजे बॅटरीचं + टोक बॉडीला जोडलेलं असतं, आणि जुन्या गाड्यांमध्ये ६ व्होल्टचीही वायरिंग सापडते. बॉडीला जोडलेली जाड तार कुठल्या टोकाची, हे मॅन्युअलवरून ठरवा, अंदाजाने नाही.

बंद गाडीत स्पार्क न येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे पॉइंटवर (स्पार्कसाठी प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांवर) चढलेला थर. तो डोळ्यांना दिसेलच असं नाही. पॉइंट मिटलेले असताना इग्निशन चालू करा आणि व्होल्टमीटरची एक तार पॉइंटच्या स्प्रिंगला, दुसरी इंजिनच्या धातूला लावा. ०.२ व्होल्टच्या आत वाचन आलं तर पॉइंट ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं तर बारीक पॉइंट फाइलने घासा आणि स्पिरिटमध्ये बुडवलेली जाड कागदाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमधून ओढून घ्या. नव्या पॉइंटवरही संरक्षक तेल असतं, तेही असंच पुसायचं.

पॉइंट उघडे असताना तिथे बॅटरीएवढं व्होल्टेज दिसायला हवं. शून्य दिसलं तर एकतर स्पार्कचं व्होल्टेज तयार करणाऱ्या कॉइलला पुरवठा नाही, नाहीतर पॉइंट कुठेतरी धातूला टेकून अर्थ झालेत. नवे पॉइंट बसवल्यावर हे फार वेळा होतं. कॉइलची तार आणि कंडेन्सरची पट्टी स्प्रिंगला टेकली पाहिजे, पण ज्या खांबावर ती बसते त्याला नाही. मधला छोटा इन्सुलेटिंग वॉशर उलटसुलट क्रमाने बसला की स्पार्क गायब.

आणखी एक छुपा दोष डिस्ट्रिब्युटरच्या (पॉइंट ज्यात बसतात त्या भागाच्या) आतल्या बेस प्लेटला जाणाऱ्या बारीक अर्थ तारेत असतो. ती आवरणाच्या आत तुटते. गाडी आयडलला नीट चालते, पण अ‍ॅक्सिलरेटर दिला की स्पार्कची वेळ बदलणारा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स प्लेट फिरवतो, तार ताणली जाते आणि इंजिन मरतं. अशा वेळी लोक कार्बोरेटर खोलून बसतात.

पॉइंटचं अंतर बऱ्याच चार सिलिंडरच्या गाड्यांत ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, नेमका आकडा मॅन्युअलमधला. अंतर आधी, टायमिंग (स्पार्कची वेळ) नंतर, कारण अंतर कमी झालं की टायमिंग मागे पडतं. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर तांदळाच्या दाण्याएवढंच ग्रीस लावा. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवरच येतं.

पेट्रोल

टाकीतलं जुनं पेट्रोल इंजिनपर्यंत येऊच देऊ नका. त्याला व्हार्निशसारखा वास येतो आणि ते कार्बोरेटरचे जेट (बारीक भोकं) बुजवतं. पहिल्यांदा वेगळ्या छोट्या डब्यातलं ताजं पेट्रोल जोडा. आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा, कारण फ्लोटची सुई (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी) अडकली तर कार्बोरेटर लगेच ओसंडतो. जुन्या रबरी नळ्या सरसकट बदला, आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये त्या फुगून चिरतात. टाकीला वेल्डिंग करायची वेळ आली तर लक्षात ठेवा, रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून धोकादायक असते. आत वाफ उरलेली असते.

ब्रेक

इंजिन चालू झालं तरी ब्रेक तपासल्याशिवाय गाडी हलवायची नाही. ब्रेक ऑइल ओलावा शोषतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. रबरी होज बाहेरून चांगले दिसतात पण आतून फुगून बंद होतात. चाक जॅकवर घ्या, पेडल दाबून सोडा. चाक धरूनच राहिलं तर ब्लीड निपल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) थोडा उघडा. तरीही चाक सुटलं नाही तर व्हील सिलिंडर किंवा ब्रेक शूचा सांधा जाम आहे. सुटलं तर दाब कुठेतरी अडकला आहे. निपल बंद करून पुन्हा पेडल दाबा, आणि आता होजच्या आधीचा धातूचा पाइप सैल करा. इथे चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरकडचा, नाही सुटलं तर होजच गेला. मास्टर सिलिंडर खोलण्याआधी पेडलच्या दांड्याला मिलिमीटरभर मोकळी चाल आहे ना ते बघा. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल परत जायची वाट बंद राहते.

पहिली फेरी दहा-पंधरा मिनिटांचीच ठेवा. परतल्यावर चारही ड्रमजवळ हात न्या, एखादं इतरांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक घासतोय. इंजिन गार झालं की रेडिएटरचं पाणी आणि टॅपेटचं (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधलं) अंतर पुन्हा तपासा, आणि ५०० किलोमीटरच्या आत तेल बदला.