पाच किलो सुरमई, फिले किती?

दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर संध्याकाळच्या मासळी लिलावाला उतरण्याआधी आकडा घरीच पक्का करायचा. वीस पाहुणे, माणशी १५० ग्रॅम कच्चं फिले (काट्यावरून सोडवलेलं मांस), म्हणजे ३ किलो. हे ३ किलो मांसाचे, माशाचे नव्हेत. पहिल्या वर्षी मी ५ किलोची तांबोशी घेऊन निर्धास्त घरी आलो आणि हाती जेमतेम २ किलो लागलं. बाकी डोकं, कल्ले, आतडी आणि मधला काटा. पाहुण्यांना त्या दिवशी कालवण मात्र भरपूर मिळालं.

सुरमईचं डोकं लहान, अंग लांबट; सालीसकट फिले अख्ख्या वजनाच्या ६० टक्के धरावं. तांबोशी, गोबरा यांच्या अंगात डोकंच जास्त, तिथे ४० पुरे. म्हणजे सुरमई ५ किलो, तांबोशी साडेसात. साल काढायची असेल तर सुरमईला अर्धा किलो आणि तांबोशीला किलोभर वाढवा. पापलेटचं फिले काढायच्या फंदात पडूच नये, ते अख्खंच तळावं.

भावाचं गणितही याच टक्क्यांवर. समजा सुरमई ८०० रुपये किलो आणि तांबोशी ५५०. फिलेच्या हिशेबात सुरमई १३३३ ला पडते, तांबोशी १३७५ ला. स्वस्त कुठली, ते तुम्हीच बघा. मासा गाबोळीने फुगलेला असेल तर टक्के आणखी खाली धरा. गाबोळी तळून खाल, पण ती फिलेच्या वजनात येत नाही.

सोबत हातातला वजनकाटा, बर्फाची पेटी आणि वही घ्या. ढिगाचा लिलाव नजरेवर चालतो, म्हणून काटा आपलाच हवा. मासा कापायला देताना आधीच सांगा, "मावशी, तुकड्या नकोत, फिले हवंय, आणि डोकं-काटा पिशवीत घाला." नाहीतर विळीवर बघता बघता तुकड्या पडतात. तुकडीत काटा राहतो, त्यामुळे वजन भरतं, पण आपला हिशेब चुकतो. घरी कापणार असाल तर पातळ, लवचीक सुरी हवी. मासा ताठरलेला असताना घाई केली की मांस फाटतं. फिले पुसून तोला, धुतल्याचं पाणी वजनात नको.

वहीत अख्खं वजन, साफ केलेलं आणि फिले असे तीन आकडे दर वेळी लिहा, कारण ६० हा सराईत हाताचा आकडा आहे. आमच्या वहीत सुरमईला बायकोचे ५८ निघतात, माझे ५२. सुरी आता तीच चालवते, मी बर्फ फोडतो.