उंदराच्या नाकाशी काम करायचं असेल तर

प्राणिशास्त्रात एमएस्सी करून पुण्यात पाषाणजवळच्या एका लॅबमध्ये प्रोजेक्टसाठी रुजू झाले, तेव्हा मेंदूचा अभ्यास म्हणजे मायक्रोस्कोप, एवढंच डोक्यात होतं. पहिले दीड महिने पिंजरे आणि उंदरांना वास देण्याची खोकी पुसण्यात गेले, आणि खरं शिकले ते तिथेच.

विषय असा. कोल्हा सोडाच, लॅबबाहेरचं जगही न पाहिलेला उंदीर कोल्ह्याच्या विष्ठेतल्या टीएमटी या रसायनाचा वास आला की जागच्या जागी थिजतो. हे त्याला कुणी शिकवत नाही. २००७ साली जपानी संशोधकांनी नाकाच्या वरच्या पट्ट्यातल्या गंधपेशी नसलेले उंदीर तयार केले. त्यांना टीएमटीचा वास येत होता, पण त्याची उपजत भीती उरली नव्हती. वास कळणं वेगळं, वासाला भिणं वेगळं! हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

पुढे २०१६ साली गंधसंशोधक लिंडा बक यांच्या गटाने अमिग्डालाजवळचा (अमिग्डाला म्हणजे मेंदूतला भीतीशी जोडलेला भाग) एक चिमुकला भाग शांत केला, तर शिकारी प्राण्याच्या वासाने वाढणारी ताणाची संप्रेरकं बरीच कमी झाली. थिजणं मात्र तसंच राहिलं. म्हणजे ताण आणि थिजणं या दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून, उंदीर थिजला नाही म्हणजे तो घाबरला नाही, असं वहीत कधीही लिहू नका. फक्त ‘थिजला नाही’ एवढंच लिहा.

आता माझी चूक. कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांना टीएमटी न घातलेलं नुसतं मिनरल ऑइल हुंगायला दिलं होतं, तरी तेही थिजत होते. दोन आठवडे मी बाटल्या बदलत बसले. शेवटी एका सीनियर ताईने विचारलं, "अगं, मधे खोकं धुतेस की नुसतं पुसतेस?" मी पुसत होते. घाबरलेला उंदीर स्वतःच धोक्याचा गंध सोडतो, आणि नाकाच्या अगदी टोकाशी असलेल्या पेशींच्या एका पुंजक्याने दुसरा उंदीर तो टिपतो. माझा कंट्रोलचा उंदीर आधीच्या उंदराच्या भीतीत उभा होता. सगळा डेटा टाकून द्यावा लागला. त्यानंतर दोन खोकी ठेवली, टीएमटीचं वेगळं आणि तेलाचं वेगळं, आणि प्रत्येक फेरीनंतर धुणं.

तुमचा स्वतःचा वासही मोजणीत येतो. पुरुष प्रयोगकर्ता खोलीत असला, किंवा पुरुषाने घातलेला टी-शर्ट नुसता जवळ ठेवला, तरी उंदरांवर ताण येतो, हे २०१४ साली दाखवलं गेलंय. म्हणून खोलीत कोण होतं, हे रोज वहीत लिहा. प्रयोगाच्या दिवशी मी वासाचं तेल आणि गजरा बंद केला. मंडईतून येताना जिवावर यायचं. उंदराला शेपटीने उचलू नका, नळीत किंवा ओंजळीत घ्या. तो लवकर सरावतो.

प्राण्यांवरचे प्रयोग तपासणाऱ्या एथिक्स कमिटीच्या फॉर्मला कटकट समजू नका. इतकेच उंदीर का, हे तिथे लिहावं लागतं, आणि लिहिताना आपल्याच प्रयोगातली भोकं दिसतात. आपण एका जिवाला मुद्दाम घाबरवतोय. डेटा वाया गेला तेव्हा त्या उंदरांची भीतीही वाया गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

नव्या खोक्यांनंतरच्या पहिल्याच दिवशी तेलाच्या खोक्यातला उंदीर कोपरा हुंगून आला आणि मधोमध बसून निवांत तोंड पुसायला लागला. मी ताईला हाक मारून तो दाखवला.