कन्सोलवर नॅट टाइप ३ येत होतं, ते कसं गेलं (माझा अनुभव)
प्लेस्टेशनवर नेट स्पीड मस्त यायचा, डाउनलोड धडाधड व्हायचे, पण पार्टी चॅटमध्ये मित्रांचा आवाजच येईना आणि कनेक्शन टेस्टमध्ये नॅट टाइप ३ (नॅट म्हणजे घरातली सगळी उपकरणं राउटरने एकाच आयपी पत्त्यावरून नेटला जोडणं). स्पीड चांगला असला तरी हे होऊ शकतं, कारण टाइप ३ म्हणजे बाहेरून येणारी कनेक्शन्स राउटरच अडवतो.

मग राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) बघितला तर तो १९२.१६८ ने सुरू होत होता, हा तर घरातल्या नेटवर्कचा पत्ता, म्हणजे नेट कंपनीने दिलेला मोडेमसुद्धा राउटरचंच काम करत होता आणि माझा राउटर त्याच्या मागे, डबल नॅट! मोडेम ब्रिज मोडवर टाकला (म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद), नेट कनेक्शनच्या लॉगिनची माहिती माझ्या राउटरमध्ये भरली, यूपीएनपी (कन्सोलला लागणारी वाट राउटर आपोआप उघडतो ती सोय) चालू केलं आणि कन्सोल पूर्ण बंद करून परत लावला. लगेच टाइप २, आवाज पण क्लिअर.

तुमचा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर मात्र घरात कितीही खटपट करा, उपयोग नाही, तो नॅट कंपनीकडेच असतो, त्यांच्याकडे पब्लिक आयपी (थेट इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता) मागा. आणि जमलं तर लॅन केबलच लावा राव, वायफायवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) मध्येच वाढतो.