पित्ताशयाच्या दुर्बिणीतील शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे : आधीच करून ठेवायची तयारी

पित्ताशय दुर्बिणीतून काढल्यानंतर बहुतेक रुग्ण दुसऱ्या दिवशी, तर काही त्याच संध्याकाळी घरी जातात. निघताना ‘फारसे दुखत नाही’ असे वाटते, ते छेदांच्या कडेला टोचलेल्या बधिर करणाऱ्या औषधामुळे आणि शिरेतून दिलेल्या वेदनाशामकामुळे. दोन्हींचा अंमल काही तासांत उतरतो, आणि तोवर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून (गोमेकॉ) निघालेला रुग्ण सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातल्या आपल्या गावी पोहोचलेला असतो, जिथली फार्मसी दुपारी बंद असते आणि रात्रीही लवकर बंद होते. त्यामुळे दुखण्याची तयारी शस्त्रक्रियेनंतर नव्हे, तर ती ठरली त्या दिवसापासूनच सुरू करावी.

सर्वप्रथम घरच्यांच्या अपेक्षा जुळवून घ्याव्यात. भारतात ही शस्त्रक्रिया डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिल्यांदा केली. त्याआधीचा बरगडीखालचा लांब छेद ज्यांनी घरात पाहिला आहे ती वडीलधारी माणसे रुग्णाला आठवडाभर हलू देत नाहीत, आणि तरुण मंडळींना वाटते की चार बारीक भोकांनी कितीसे दुखणार. दोन्ही समजुती घातक आहेत. छेद साधारण ५ ते १० मिलिमीटरचे असले तरी आतून पित्ताशय यकृतापासून सोडवलेले असते, आणि पहिले दोन-तीन दिवस ते जाणवतेच. त्यातही बेंबीजवळचा छेद सहसा अधिक दुखतो, कारण बहुधा तिथूनच पित्ताशय बाहेर ओढून काढतात.

भूलतज्ज्ञांची भेट होईल त्या दिवसासाठी एका कागदावर आपला पूर्वेतिहास लिहून न्यावा : पोटातील व्रण, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार, दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मानसिक आजारावरील गोळ्या, आणि कोणत्याही औषधाची पूर्वी आलेली ॲलर्जी. हा कागद केवळ भुलेसाठी नसतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा ॲसिक्लोफेनॅक ही नेहमीची वेदनाशामके व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे असल्यास धोक्याची ठरू शकतात, आणि ट्रॅमाडॉल या तीव्र वेदनाशामकाचे नैराश्यावरील काही गोळ्यांशी पटत नाही. रोज फेणी किंवा अन्य मद्य घेणाऱ्यांनी तेही संकोच न करता सांगावे, कारण पॅरासिटामॉलची मात्रा ठरवताना यकृताची स्थिती पाहावी लागते.

तयारीतला सर्वांत महत्त्वाचा भाग गोळ्यांचा आहे. डॉक्टरांना आधीच विचारून घरी लागणारी औषधे लिहून घ्यावीत आणि रुग्ण वॉर्डात असतानाच घरच्या कोणीतरी ती आणून ठेवावीत. पहिले दोन-तीन दिवस पॅरासिटामॉल ‘दुखेल तेव्हा’ न घेता डॉक्टरांनी दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे घड्याळ पाहून घ्यावी, कारण कळ पुरती चढल्यावर घेतलेली गोळी तिला उतरवायला फार वेळ घेते आणि तोवर रुग्ण श्वास रोखून आखडून पडलेला असतो. निरोगी प्रौढासाठी पॅरासिटामॉलची चोवीस तासांतील कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. म्हणजे ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांनीच ती जवळजवळ भरते. वजन कमी असलेल्या किंवा यकृताचा त्रास असलेल्या माणसासाठी मर्यादा याहून कमी असते आणि ती डॉक्टरांनीच सांगावी. खरी गफलत होते ती जोडगोळ्यांत. ॲसिक्लोफेनॅकची किंवा ट्रॅमाडॉलची म्हणून दिलेली गोळी पुष्कळदा पॅरासिटामॉल मिसळलेली असते, सर्दीच्या गोळ्यांतही तेच असते, आणि निराळ्या नावांमुळे एकच औषध दुहेरी पोटात जाते. म्हणून प्रत्येक पट्टीवरील घटकांची नावे भिंग लावून का होईना वाचावीत, आणि न कळल्यास फार्मसीतल्या माणसाकडून त्यावर पेनाने खूण करून घ्यावी. डायक्लोफेनॅकच्या वर्गातील गोळी रिकाम्या पोटी देऊ नये. ट्रॅमाडॉलसारखी तीव्र गोळी पहिल्या एक-दोन रात्रींसाठी राखून ठेवावी. तिने गुंगी येते, मळमळ होते आणि शौचास घट्ट होते.

गोळ्यांशेजारी एक वही ठेवावी, तीत वेळ, गोळीचे नाव आणि दुखण्याला शून्य ते दहापैकी दिलेला आकडा लिहावा. मात्र आकडा शून्यावर आणणे हे उद्दिष्ट नाही. रुग्णाला खोल श्वास घेता येतो का, खोकता येतो का आणि अंगणापर्यंत चालता येते का, हीच खरी कसोटी आहे. ते जमत नसेल तर औषध अपुरे पडते आहे असे समजून डॉक्टरांना फोन करावा. सहनशीलतेचे कौतुक या दिवसांत करू नये. वेदनेमुळे खोल श्वास न घेणाऱ्याच्या छातीत कफ साठतो, आणि पावसाळ्यात तर आधीच अर्ध्या गावाला खोकला असतो.

खांद्याच्या दुखण्याविषयी घरातील प्रत्येकाला आधीच सांगून ठेवावे, कारण मध्यरात्री घबराट उडते ती त्यानेच. शस्त्रक्रियेच्या वेळी पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवतात. त्यामुळे पोट आणि छाती यांमधला पडदा ताणला जातो, त्या पडद्याला जाणाऱ्या नसेची मुळे मानेतून निघतात, आणि म्हणून कळ उजव्या, क्वचित दोन्ही खांद्यांत जाणवते. उरलेला वायू शरीर शोषून घेते आणि हे दुखणे साधारणतः दोन-तीन दिवसांत ओसरते. थोडे थोडे चालणे, काही वेळ सपाट झोपून पाहणे आणि खांद्यावर कोमट शेक घेणे यांनी आराम पडतो. तेल लावून जोरजोरात चोळण्याचा उपयोग नाही, कारण बिघाड खांद्यात नसतोच. परंतु छातीवर दाब, धाप, घाम किंवा जबडा व डावा हात दुखणे असे काही असेल तर ‘वायू असेल’ म्हणत बसू नये. सरळ १०८ ला फोन करावा.

घराची मांडणी आदल्या दिवशी बदलावी. चटईवरून उठताना पोटावर फार ताण येतो, तेव्हा खाट मांडावी, आणि उठताना आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने बसावे. खोकला, शिंक किंवा हसू आले की पोटाशी धरायला एक घट्ट उशी जवळ ठेवावी. उकिडवे बसण्याचा संडास असल्यास कमोडची खुर्ची उसनी आणावी. परकराची नाडी आणि पँटचा पट्टा नेमका बेंबीच्या छेदावर येतो, म्हणून बायकांसाठी सैल गाऊन आणि पुरुषांसाठी ढिली लुंगी काढून ठेवावी. पाण्याची बाटली, चार्जर आणि औषधे हात न ताणता घेता येतील अशा उंचीवर असावीत.

घरी येताना दुचाकी किंवा पायलट (भाड्याची मोटारसायकल) नको. गाडी सांगावी, निघण्याआधी त्या वेळची गोळी घेतलेली असावी, आणि सीटबेल्ट व पोट यांच्यामध्ये घडी केलेला टॉवेल ठेवावा.

जेवणासाठी उकड्या तांदळाची पेज आणि मऊ भात पुरे. नारळाच्या रसाचे व तळलेले पदार्थ दोन-चार दिवसांनी थोडे थोडे सुरू करून पाहावेत. पथ्य जन्मभराचे नसते, हे शेजारणींना पटवणे मात्र अवघड. शौचाला कुंथणे हे या दिवसांतले सर्वांत टाळण्याजोगे दुखणे आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारून इसबगोल किंवा लॅक्टुलोज आधीच आणावे, आणि पाणी भरपूर प्यावे. जखमांवर हळद, कोकमाचे तेल वगैरे काही लावू नये.

दुखणे दिवसागणिक उतरत गेले पाहिजे. तिसऱ्या दिवशी ते उलट चढू लागले तर गोळ्या वाढवू नयेत, रुग्णालय गाठावे. तशीच घाई ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेल्यास, पोट फुगून कडक झाल्यास, सतत उलट्या होत असल्यास, लघवी होत नसल्यास, जखमेतून पू किंवा पिवळसर-हिरवट द्रव आल्यास, आणि डोळे पिवळे, लघवी गडद किंवा शौच पांढरट झाल्यास करावी. पित्तनळीतून गळती होत असेल किंवा तिच्यात खडा अडकला असेल तर वेदनाशामकाने फक्त वेळ वाया जातो. ज्या वॉर्डात शस्त्रक्रिया झाली तिथला दूरध्वनी क्रमांक, मग तो गोमेकॉचा असो, जिल्हा रुग्णालयाचा असो वा खासगी रुग्णालयाचा, वहीच्या पहिल्या पानावर लिहावा.

विहिरीची घागर, गॅसचा सिलिंडर आणि नातवंड, ही तीन ओझी डॉक्टर परवानगी देईपर्यंत दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर लावून ठेवावीत. शस्त्रक्रिया चतुर्थीच्या तोंडावर असेल तर माटोळी (गणपतीवरचे फळाफुलांचे छत) बांधण्याचे कामही. गाडी चालवणे अचानक ब्रेक दाबताना पोटात कळ येणार नाही तेव्हाच, आणि ट्रॅमाडॉल चालू असताना तर मुळीच नाही. फेरतपासणीला जाताना वही आणि उरलेल्या गोळ्या दोन्ही न्याव्यात. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेल्या ट्रॅमाडॉलच्या पट्ट्या घरात कोणाच्या कंबरदुखीसाठी म्हणून ठेवू नयेत. त्यांचे काय करायचे हे तिथेच फार्मसीत विचारून त्यांची विल्हेवाट लावावी.