कसारा घाटात काटा चढला तेव्हा

मे महिन्यात मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाटात गाडीच्या इंजिनच्या टेम्परेचरचा काटा भराभर वर सरकू लागला. एसी बंद केला, जागा बघून गाडी कडेला घेतली. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडलं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, उसळून हात-तोंड भाजतं. पाऊण तासाने गाडी निवल्यावर पाहिलं, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, टाकीवरच्या 'मिन'च्या (किमान पातळीच्या) रेघेच्याही खाली. जवळचं प्यायचं पाणी ओतलं आणि काट्यावर नजर ठेवून कसंबसं घर गाठलं.

सकाळी नाशिकच्या सिडकोत दारातच बॉनेट उघडलं. वरच्या होजपाइपच्या तोंडाशी हिरवट-पांढरा थर वाळलेला. पाइप आवळून धरणारा क्लॅम्प सैल झाला होता! नवा क्लॅम्प बसवला. मेकॅनिककडून ते पाणी काढून टाकलं, कारण साध्या पाण्याने आत क्षार धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून लाइनमधली हवा काढून घेतली.

आता दर रविवारी, गाडी थंड असतानाच, कूलंट बघतो आणि डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून इंजिन ऑइलही. ब्रेक ऑइल तीन वर्षं बदललं नव्हतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि मग उतारावर तापून उकळलं की पेडल मऊ पडतं. तेही कूलंट भरलं त्याच दिवशी बदलून घेतलं.