उन्हाळी पिकात जैव उत्तेजके: क्षार वर येण्याआधी द्या

ऊन तापू लागले की जमिनीतले पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. वरंब्याच्या माथ्यावर पांढरी पापडी दिसेपर्यंत मुळांभोवतीचे पाणी कधीच खारट झालेले असते. मग समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतले आम्ल), अमिनो आम्ले अशा जैव उत्तेजकांसाठी धावाधाव सुरू होते. त्यांचा उपयोग आहे, पण ती जमिनीतला चिमूटभर क्षारही बाहेर काढत नाहीत. ती रोपाला ताण सोसायला मदत करतात आणि तेही ताण येण्याआधी दिली तर जास्त. करपलेली पानाची कड कोणत्याही फवारणीने पुन्हा हिरवी होत नाही.

आधी माती आणि पाणी तपासा. संपृक्त अर्काची, म्हणजे माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याची, विद्युत वाहकता (ईसी, खारटपणाचे माप) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययुक्त (मातीच्या कणांना चिकटलेले) सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली. तिथे आधी जिप्सम आणि निचरा, बाटल्या नंतर. अहवालात १:२.५ पद्धतीचा (एक भाग माती, अडीच भाग पाणी) आकडा असेल तर तो संपृक्त अर्कापेक्षा कमी दिसतो, त्यावर निर्धास्त राहू नका. घेवडा संपृक्त अर्काच्या १ ईसीपासूनच मार खातो, कांदा १.२, मिरची १.५, टोमॅटो २.५, कापूस मात्र ७.७ पर्यंत तग धरतो.

पाण्याचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. १ ईसी म्हणजे लिटरमागे साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार. २ ईसीचे १०० मिलिमीटर पाणी एकरभर दिले की सुमारे ५०० किलो क्षार आपणच शेतात ओततो.

आता उत्तेजके. रोपवाटिकेतच सुरुवात करा, कारण कोवळे रोप सर्वांत नाजूक असते. पुनर्लागवडीच्या ३-४ दिवस आधी समुद्री शेवाळाच्या अर्काची आळवणी करा, लिटरला २ ते ३ मिली. लेबलवर वेगळे प्रमाण असेल तर तेच पाळा. लागवडीनंतर १० दिवसांनी फवारणी आणि मग फुलोऱ्यापर्यंत दर १५ दिवसांनी. काही अर्क स्वतःच खारट असतात. तयार द्रावणात ईसी मीटर बुडवून पाहा. मूळ पाण्यापेक्षा आकडा बराच चढला तर तो माल खारवट रानासाठी नको. फवारणीला गोडेच पाणी घ्या आणि संध्याकाळी मारा. खारे पाणी पानावर सुकले तर औषधाऐवजी मीठच शिंपडल्यासारखे होते.

शेवग्याच्या पाल्याचा रस घरीच करता येतो. त्यात झिएटिन हे वाढ संप्रेरक असते. कोवळा पाला १० किलोला १ लिटर पाणी घालून वाटा, कापडातून पिळा आणि पुन्हा बारीक कापडातून गाळा. दुसऱ्यांदा गाळायचा कंटाळा केला की नोझल तुंबते, हे ठरलेले. १ लिटर रसात ३० लिटर पाणी घालून फवारा. जास्त घट्ट मारला तर वाढ उलट खुंटते. रस ५ तासांच्या आत संपवा, नाहीतर तो आंबतो. उरला तर गोठवून ठेवा.

ह्युमिक पांढऱ्या मुळीसाठी चांगले. पोटॅशियम ह्युमेट पावडर एकरी ५०० ग्रॅम ते १ किलो ड्रीपमधून सोडा, पण कॅल्शियम नायट्रेट किंवा आम्लाबरोबर कधीच नाही. ते फाटते आणि काळा गाळ ड्रिपरमध्ये बसतो. शंका असेल तर दोन्ही द्रावणे पारदर्शक बाटलीत मिसळून अर्धा तास ठेवा. तळाशी गाळ दिसला की उत्तर मिळाले. मायकोरायझा (मुळांशी जोडून राहणारी उपयुक्त बुरशी) मुळाला टेकेल असाच द्या, वर भुरभुरून फायदा नाही. सोबत भरपूर स्फुरद दिले तर बुरशी मुळात नीट शिरत नाही. पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश टाळा, सल्फेट ऑफ पोटॅश वापरा. क्लोराइडची भर नको.

दोन ओळी बिनफवारणीच्या सोडा. त्याशिवाय पैसे कामी आले की नाही ते कळणार नाही.

क्षार खाली ढकलायला जादा पाणी लागते आणि निचराही. पाण्याची ईसी २ आणि टोमॅटोची मर्यादा २.५ धरली तर २ ला (५ गुणिले २.५ वजा २) म्हणजे १०.५ ने भागा, ०.१९ येते. दिलेल्या पाण्यातले १९ टक्के मुळांखाली उतरले पाहिजे. पिकाची गरज १०० मिलिमीटर असेल तर सुमारे १२३ द्यावे लागते. निचरा नसेल तर हेच जादा पाणी घात करते. रोप वरंब्याच्या माथ्यावर नको, बगलेला लावा, आणि आच्छादन अंथरा.

पहिला हलका पाऊस आला म्हणून ड्रीप बंद करू नका. ओल्या पट्ट्याच्या कडेला साठलेले क्षार तो थेट मुळांकडे ढकलतो. मुळांखालपर्यंत ओल जाईल असा जोराचा पाऊस होईपर्यंत संच चालू ठेवा.