बेसाल्टच्या राज्यातून एम.एस्सी. जिऑलॉजी

एम.एस्सी. जिऑलॉजीला प्रवेश घेतलात की नात्यातलं कुणीतरी विचारणारच, "म्हणजे बोअर कुठे मारायचं ते सांगता येईल ना?" वैतागू नका. महाराष्ट्रात या विषयाची मोठी रोजीरोटी खरोखरच पाण्यात आहे. बाकीच्या वाटा कुठून फुटतात हे मात्र पहिल्या सेमिस्टरला कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे. मी राज्यातल्याच एका विद्यापीठातून एम.एस्सी. केलं, काही वर्षं भूजलाच्या कामात होते, आता बोगद्यांच्या साइटवर असते. तेव्हा पाणी आणि बोगदे यांवर जास्त बोलेन. तेल आणि खाणींबद्दल बॅचमेट्सकडून कळतं तेवढंच.

आधी एक अडचण. राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग दख्खनच्या बेसाल्टखाली आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाखाली. पुण्या-मुंबईत शिकलेल्या मुलामुलींना बेसाल्ट झोपेत ओळखता येतो, पण घड्या पडलेला शिस्ट (उष्णता-दाबाने रूप पालटलेला, पापुद्र्यांचा खडक) समोर आला की तोंड बंद. लाव्हाचे थर जवळजवळ आडवे, मग ब्रंटन कंपासने स्ट्राइक-डिप, म्हणजे थराची दिशा आणि उतार, मोजायचा तरी कशाचा? स्पर्धा परीक्षेत तर मेटामॉर्फिक पेट्रॉलॉजी (अशा रूप पालटलेल्या खडकांचा अभ्यास) आणि स्ट्रक्चरल जिऑलॉजीवर (घड्या, भेगांचा अभ्यास) भरपूर विचारतात. नागपूरची मुलं या बाबतीत सुखी. कामठीचा कोळसा, सौसरच्या खडकांतलं मँगनीज, भंडारा-गडचिरोलीचे जुने खडक, सगळं हाकेच्या अंतरावर. इकडच्यांनी सिंधुदुर्ग तरी पायाखाली घालावा, आणि डिपार्टमेंटची राजस्थान किंवा कडप्पाची फील्ड ट्रिप 'लग्न आहे घरी' म्हणून बुडवू नये. तिथले आठ-दहा दिवस वर्गातल्या एका सेमिस्टरला भारी पडतात.

फील्डवर नवखा कोण हे लेन्स धरण्यावरून कळतं. तो दगड जमिनीवर ठेवून वरून भिंग धरतो. लेन्स डोळ्याला अगदी चिकटवायची आणि दगड तिच्याजवळ आणायचा, तोही हातोडीने फोडलेल्या ताज्या बाजूने. बाहेरची गंजलेली साल काही सांगत नाही. लॅबमध्ये हाच दगड ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासून मायक्रोस्कोपखाली बघता. हा पातळ काप, म्हणजे थिन सेक्शन, स्वतःच्या हाताने करायला मिळत असेल तर जरूर करा. हल्ली बऱ्याच ठिकाणी तयार स्लाइड हातात ठेवतात, आणि मग प्लॅजिओक्लेज, बेसाल्टमधलं नेहमीचं खनिज, फक्त चित्रातला राहतो.

प्रवेशाचं थोडक्यात. आयआयटीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा, त्यात जिऑलॉजीचा वेगळा पेपर असतो. राज्यातल्या विद्यापीठांचे नियम आपापले, पण बी.एस्सी.ला जिऑलॉजी असेल तर वाट सोपी. फिजिक्सवाल्यांनी जिओफिजिक्सचा विचार करावा. त्यांना गणिताची भीती नसते आणि आमच्याकडे नेमकी तीच असते.

आता नोकऱ्या. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं ते जीएसआय, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, १८५१ पासूनचं. त्यासाठी यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा द्यावी लागते. पूर्व परीक्षा ४०० गुणांची, बहुपर्यायी. मुख्य परीक्षा २०० गुणांचे तीन लेखी पेपर. वर २०० गुणांची मुलाखत. निवड झाली तर लेव्हल १०, मूळ वेतन ५६,१००. केंद्रीय भूजल मंडळातल्या हायड्रोजिऑलॉजिस्टची भरतीही याच परीक्षेतून होते. इथे मुलं दगडाने कमी आणि लिखाणाने जास्त मार खातात. तीन तास सलग लिहायचं, आकृत्या काढायच्या, नकाशाचा छेद काढायचा. क्लासच्या एमसीक्यूवर वाढलेला हात दुसऱ्या तासाला थकतो. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून आठवड्याला एक उत्तर हाताने लिहिलंत तरी पुष्कळ.

पाण्याकडे वळायचं तर राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, पुण्यात मुख्यालय, जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यालयं. शिवाय पाणलोटावर काम करणाऱ्या संस्था. या कामात गावात तुमच्या आधी नारळवाला पाणाड्या येऊन गेलेला असतो. त्याच्याशी वाद घालू नका, गावातल्या विहिरी बघत फिरा. विहिरीची उघडी भिंत म्हणजे फुकटात मिळालेला छेद: वर माती, मग मुरूम, मग पोकळ्यांचा मांजऱ्या खडक, खाली अखंड काळा पाषाण. पाझर कोणत्या थरातून येतोय ते मे महिन्यात स्पष्ट दिसतं. मग रेझिस्टिव्हिटीचं मशीन लावा. ते फक्त विजेला होणारा विरोध मोजतं. आकडा कमी आला म्हणजे पाणीच असं नाही, तांबड्या बोलचा, म्हणजे दोन लाव्हा थरांमधल्या लाल मातीचा, चिकण थरही तसाच आकडा देतो. विहिरी न बघता नुसत्या आलेखावर बोअरची जागा देणारे लोक भेटतील. शेतकऱ्याचे पैसे त्यात जातात.

बोगद्यांचं काम गेल्या काही वर्षांत खूप वाढलं. मुंबईची मेट्रो-३ ही ३३.५ किलोमीटरची लाइन जवळजवळ सगळी जमिनीखालून जाते. अशा कामांना आधी बोअर घेऊन कोअर, म्हणजे खडकाचे दंडगोल तुकडे, काढतात आणि ती बघणारा माणूस जिऑलॉजिस्ट असतो. आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे याचा आकडा, काय हे परीक्षेपुरतं सगळ्यांना पाठ असतं: १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज, भागिले रनची, म्हणजे एका वेळी ड्रिल केलेल्या टप्प्याची, लांबी. दीड मीटरच्या रनमध्ये ४२, ३१, १८ आणि १२ सेंटिमीटरचे तुकडे आणि बाकी चुरा मिळाला, तर १०३ भागिले १५०, साधारण ६९ टक्के. कोअरच्या पेटीसमोर बसल्यावर खरा प्रश्न वेगळाच असतो: हा तुकडा जमिनीत तुटलेला होता की ड्रिलरने बाहेर काढताना तोडला? ताजी मोड खरखरीत आणि स्वच्छ असते, दोन तुकडे चपखल बसतात. ते एकच धरायचे. जुन्या सांध्यावर तपकिरी डाग, हिरवट लेप किंवा झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक असतात. हा निर्णय चुकला की खडकाचा दर्जा चुकतो आणि आधारासाठी बोल्ट किती, शॉटक्रीट (फवारून मारलेलं काँक्रीट) किती हे गणितही फिरतं. ड्रिलरशी दोस्ती ठेवा. पाणी कुठे गायब झालं, रॉड कुठे एकदम खाली गेला, हे त्याच्या डोक्यात असतं, कागदावर नसतं. पुष्कळदा तिथेच लाल बोल निघतो, जो कोरडा असताना ठीक वाटतो आणि भिजला की ढासळतो.

इथे मात्र बेसाल्टमध्ये वाढलेल्याला दुसऱ्या राज्यातून आलेला हुशार मुलगाही लवकर गाठू शकत नाही. दोन लाव्हा थरांमधली सीमा आपल्याला नजरेनेच कळते.

खाणींसाठी नागपूर. मँगनीज काढणारी मॉइल, कोळशाची वेस्टर्न कोलफील्ड्स, भारतीय खाण ब्यूरो, खनिज शोधणारी एमईसीएल, राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, सगळ्यांची मुख्य कार्यालयं तिथेच. मुलींना आता भूमिगत खाणीतही काम करता येतं, २०१९ पासून तशी परवानगी आहे. प्रत्यक्षात चेंजिंग रूमपासून विचारपूस करावी लागते. तेलात ओएनजीसीची भरती बरीच वर्षं गेट या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर झाली. खासगीत मड लॉगर (ड्रिलिंगच्या चिखलातून वर येणारा खडकाचा चुरा तपासणारा) म्हणून सुरुवात होते, रिगवर बारा तासांची शिफ्ट, पैसे बरे, झोप वाईट. संशोधनात जायचं तर नेट ही पात्रता परीक्षा द्या आणि गोव्याकडे बघा: दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (एनआयओ), वास्कोला भारताच्या अंटार्क्टिक मोहिमा आखणारं केंद्र. १९६७ च्या कोयना भूकंपामागची कारणं खोल बोअर घेऊन शोधणारी प्रयोगशाळा तर कऱ्हाडलाच आहे.

कुठेही गेलात तरी क्यूजीआयएस, म्हणजे नकाशे करायचं सॉफ्टवेअर, आलंच पाहिजे. ते फुकट मिळतं, त्यामुळे सबब चालत नाही.

आणि पहिली खासगी नोकरी घेताना आकड्यावर भुलू नका. साइटवर राहायची सोय कोणाची, जेवणाचे पैसे पगारात की वेगळे, प्रोजेक्ट संपल्यावर तुम्हाला दुसरीकडे घेणार की घरी पाठवणार, अपघात विमा आहे का, आणि रिपोर्टवर सही कोणाची जाणार, हे सगळं ऑफर लेटरवर लिहून घ्या.